चतुर्थीची उरलेली सफरचंदं आणि ॲपल फ्रिटर

चतुर्थी संपली की आमच्या वेंगुर्ल्यात घराघरात एकच चित्र असतं. गणपती गेलेला, मखर रिकामं, माटवीचे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या लाकडी चौकटीचे, नारळ आणि सुपारीचे घोस उतरवून कोपऱ्यात ठेवलेले, आणि टेबलावर परातभर सफरचंदं. म्हणजे माटवीला लागतं ते सगळं परसातलं नाहीतर रानातलं, कवंडळं, तोरिंजन, तवशी, आंब्याचे टाळे, पण दर्शनाला जो येतो तो बाजारातनं फळं घेऊन येतो आणि त्या दिवसांत हिमाचलचा माल उतरलेला असतो त्यामुळे दहातल्या आठ पिशव्यांत सफरचंदंच. बाकीचं सगळं खपतं. केळ्यांचं शिकरण होतं, चिबूड गूळ-पोह्यांबरोबर संपतो, नारळाची तर काळजीच नाही. सफरचंद मात्र पहिल्या दिवशी दोन-चार कापून वाटली की नंतर कोणी हात लावत नाही, आणि आमच्या दमट हवेत ते चार-पाच दिवसांत असं मऊ पडतं की चावा घेतला की तोंडात ओला भुसा. देवापुढे ठेवलेलं फळ टाकवत नाही, आये तर टाकूच देत नाही.

यंदा मी मोजली. तेवीस निघाली.

यंदा धाकटा भाऊ घरी होता. तो जहाजावर असतो, सहा-सात महिने बाहेर, चतुर्थीला सुट्टी मिळेल याची कधीच खात्री नसते, तीन वर्षांनी यंदा गणपतीला घरी सापडला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परातीकडे बघून म्हणाला, "ताई, ह्यांचे ॲपल फ्रिटर कर मगे." मी म्हटलं म्हणजे सफरचंदाची भजी ना, तर म्हणे भजी नाय गो, आणि मोबाईलमधला फोटो काढून दाखवला, अमेरिकेत टॅकोमाला जहाज लागलं होतं तेव्हा रात्रपाळी संपवून पहाटे एका डोनटच्या दुकानात घेतलेला. पंज्याएवढा मोठा, वेडावाकडा, खडबडीत, गडद तपकिरी, वरून साखरेचं पांढरट पातळ कवच आणि खाचाखाचांतून सफरचंदाचे तुकडे दिसतायत. म्हणाला, थंडी एवढी होती की बोटं वळत नव्हती आणि हे हातात गरम गरम. एवढं सांगितल्यावर न करणं शक्यच नव्हतं.

आता हे आधी सांगते, कारण मला स्वतःला दोन दिवस गोंधळ होता. फ्रिटर या नावाखाली दोन वेगळे पदार्थ येतात. एक म्हणजे सफरचंदाची गोल चकती, मधला बियांचा भाग काढून, पिठात बुडवून तळायची. जर्मनीत हे करतात, हॉलंडमध्ये थर्टी फर्स्टला करतात, आणि ती सरळ सरळ आपली भजीच आहे, केळ्याची करतो तशी. दुसरा म्हणजे अमेरिकन डोनटच्या दुकानातला, यीस्ट घालून फुगवलेल्या गोड कणकेत सफरचंदाचे शिजवलेले तुकडे मिसळून, ते सगळं सुरीने चिरून, परत गोळा करून तळलेला. भावाला हवा होता तो हा दुसरा.

आणि यात एक गोष्ट मला फार आवडली ती सांगायलाच हवी. आमच्या गावात डचांची वखार आहे, सतराव्या शतकातली, लहानपणी त्या जुन्या भिंतींच्या आजूबाजूला आम्ही खेळलोय. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद इथून जायची. त्याच काळात, 1667 साली, तिकडे हॉलंडमध्ये छापलेल्या स्वयंपाकाच्या एका पुस्तकात 'ओलीकूक' नावाचा पदार्थ आहे, ओलीकूक म्हणजे तेलातला केक. त्यात काय काय घालायला सांगितलंय बघा, गव्हाचं पीठ, बेदाणे, सफरचंदाचे बारीक तुकडे, बदाम, दालचिनी, सुंठ, लवंग, वितळलेलं लोणी, यीस्ट आणि कोमट दूध. म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आले त्याच्या पुढच्याच वर्षी हे छापलं गेलं, आणि तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीची माणसं आमच्या बंदरात बसून मिरीचा व्यापार करत होती. पुढे डच लोक अमेरिकेत गेले तेव्हा ओलीकूक सोबत गेला, आजच्या डोनटचं मूळ तिथलं सांगतात. भावाला हे वाचून दाखवलं तर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, म्हणजे जहाजावरच्या माणसांचाच खाऊ हा.

तर आता माझा पहिला प्रयत्न.

यीस्टची कणीक मला नवीन नव्हती, पाव मी घरी करते. मैदा, यीस्ट, दूध, साखर, अंडं, बटर, मऊ कणीक मळली, फुगवली, त्यात चार सफरचंदं बारीक चिरून, साखर-दालचिनी चोळून मिसळली, गोळे केले, अर्धा तास ठेवले आणि तळले. गोळे ठेवले होते तेव्हाच ताटात पाणी सुटायला लागलेलं मी बघत होते, म्हटलं ठीक आहे, तळताना उडून जाईल. नाही उडालं. साखर चोळलेल्या सफरचंदातून पाणी येतच राहतं, आणि ते आजूबाजूच्या कणकेत मुरतं, कणकेची होते खळ. वरून मस्त रंग आला म्हणून काढले, एक मोडून बघितला तर आत तुकड्याभोवती चिकट पांढरा लगदा, कच्चा. परत तेलात टाकले तर बाहेरून काळे. आणि तेल एवढं तडतडलं की माझ्या मनगटावर दोन डाग अजून आहेत. आठ फ्रिटर होते, भावाने वरवरचं तेवढं खाल्लं आणि बरे आहेत म्हणाला, पण मला बघून कळत होतं.

आये तोपर्यंत बाजूला बसून आडाळ्यावर नारळ खवत होती, ती काही बोलली नव्हती. तो मोडलेला फ्रिटर तिने हातात घेतला, बोटाने दाबला, आणि म्हणाली, "घारग्यात भोपळो कच्चो घालतंस काय गो? आधी त्याचा पाणी आटव."

मी तिथेच थांबले. कारण मी लहानपणापासून तिला घारगे करताना बघितलंय, आणि घारग्याचं सगळं शास्त्र पाण्यातच आहे. लाल भोपळा किसायचा, टोपात गुळाबरोबर शिजत ठेवायचा, गूळ पडला की भोपळा आधी भसाभस पाणी सोडतो, टोप भरून येतो, आणि मग नवीन माणूस घाबरून पीठ घालायला जातो. तिथेच चुकतं. आये ढवळत राहते. पाणी आटतं, बुडबुडे आधी मोठे पातळ येतात आणि मग जाड, फुटताना फट्‌ फट्‌ आवाज करणारे, कालथा फिरवला की टोपाचा तळ दिसतो आणि क्षणभर दिसत राहतो, तेव्हा गॅस बंद. मग पूर्ण गार. कोमटसुद्धा नाही. आणि मग तांदळाचं पीठ, वरून पाण्याचा एक थेंब न घालता. "जितक्या पीठ मागात तितक्याच घाल," हे ती प्रत्येक वेळी म्हणते. म्हणूनच तिचे घारगे आतून मऊ पण कोरडे असतात, तेल पीत नाहीत, तिसऱ्या दिवशीही चांगले लागतात.

म्हणजे फळ हे तळणीत घालायचं तर त्याचं पाणी आधी आपण काढायचं, तेलावर सोडायचं नाही. मी मैद्याच्या आणि यीस्टच्या ग्रॅमांत अडकले होते आणि उत्तर माझ्या शेजारी नारळ खवत बसलं होतं. त्यानंतर मी जे काही केलं ते सगळं ह्या एका वाक्याभोवती आहे.

आता दुसऱ्या वेळचं, जे जमलं आणि त्यानंतर चार वेळा जमलंय, ते नीट सांगते.

सफरचंद. आपल्याकडे येतं ते बहुतेक डेलिशियस जातीचं, खाली पाच उंचवटे असलेलं, लालभडक. ही मूळची अमेरिकेतली जात. फिलाडेल्फियाहून आलेले सॅम्युअल स्टोक्स, जे पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, त्यांनी 1916 च्या सुमाराला हिमाचलमध्ये कोटगढजवळ तिची कलमं लावली, आणि तिथून ती पहाडभर पसरली. खायला गोड आहे, दिसायला सुंदर आहे, पण तळणी-बेकिंगसाठी तिच्यात दोन उणिवा. आंबटपणा फार कमी, आणि शिजवली की पटकन पिठूळ होते. गोल्डन नावाचं पिवळं सफरचंद मिळालं तर ते जास्त चांगलं, आकार धरून राहतं. ते हिरवं आंबट ग्रॅनी स्मिथ परदेशी रेसिपीत सगळीकडे सांगतात पण आमच्या बाजारात ते दिसत नाही, त्यासाठी गोव्यात जावं लागतं आणि नग पन्नास रुपये देऊन आणायचं तर मग घरातली तेवीस कोण खाणार. तेव्हा डेलिशियसच, आणि आंबटपणा आपण बाहेरून द्यायचा.

तीन मोठी सफरचंदं, साल काढून, बोराएवढे तुकडे. फार बारीक केले तर जॅम होतो. चिरता चिरता मिठाच्या पाण्यात टाका म्हणजे काळी पडणार नाहीत, पण नंतर नीट निथळून कपड्यावर टिपून घ्या. पसरट तव्यात एक चमचा बटर, त्यात तुकडे, तीन चमचे साखर, एका लिंबाचा रस, अर्धा चमचा दालचिनीची पूड, किंचित मीठ. मोठ्या आचेवर. मंद आचेवर ठेवलं तर तुकडे स्वतःच्याच पाण्यात उकडतात आणि लगदा होतो, मोठ्या आचेवर पाणी सुटतं आणि लगेच उडतं. सात-आठ मिनिटांत पाणी संपून नुसता चकचकीत पाक तुकड्यांना धरून राहतो, तव्याचा तळ दिसतो, तेच घारग्याचं लक्षण. मग ताटात पसरून पंख्याखाली ठेवायचं, आणि पूर्ण गार होईपर्यंत कणकेच्या जवळ आणायचं नाही, कारण गरम सफरचंदाने बटर वितळतं आणि कणीक सैल होते.

दालचिनीबद्दल थोडं थांबते. बाबांनी माडांच्या बागेत मिरी, जायफळ आणि चार दालचिनीची झाडं लावली होती, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने माडात मसाल्याची झाडं लावायची जी लाखी बाग सांगितली त्या पद्धतीने, आणि दालचिनी 'कोकण तेज' जातीची, तीही विद्यापीठाचीच. बाबा आता नाहीत, झाडं आहेत. पाऊस संपला की अंगठ्याएवढ्या जाड फांद्या कापायच्या, वरची खरखरीत साल खरवडून टाकायची, मग सुरीने उभी चीर देऊन आतली साल अलगद सोडवायची. ओली असताना ती अगदी मऊ चामड्यासारखी असते आणि हाताला दिवसभर वास राहतो. सावलीत वाळवली की आपोआप गुंडाळी होते, पातळ पातळ पदर एकात एक. दुकानात दालचिनी म्हणून जी जाड, एका पदराची, लाकडासारखी साल मिळते ती बहुतेक वेळा कॅसिया असते, ती तिखट आणि झणझणीत, मटणाच्या मसाल्याला चांगली. सफरचंदाला मात्र ही घरची, गोडसर. ती खलबत्त्यातही सहज कुटली जाते. तुमच्याकडे कोकणातली दालचिनी मिळत असेल तर कृपा करून तीच वापरा, फरक पहिल्या घासाला कळतो.

कणीक. मैदा 300 ग्रॅम, इन्स्टंट ड्राय यीस्ट 5 ग्रॅम म्हणजे दीड छोटा चमचा, साखर 40 ग्रॅम, मीठ छोटा चमचाभर, एक अंडं, कोमट दूध 120 मिली, आणि शेवटी मऊ बटर 40 ग्रॅम. गणपती घरात असेपर्यंत अंडं आमच्याकडे येत नाही आणि संकष्टीलाही नाही, तेव्हा अंड्याऐवजी तीन चमचे घट्ट दही घालते, थोडी कमी हलकी होते पण चांगलीच होते. बटर सगळ्यात शेवटी, कणीक गोळा झाल्यावर, थोडं थोडं. दहा मिनिटं मळायची. हाताला चिकटते, पण वरून मैदा घालत बसू नका, मळता मळता सुटते. आमच्याकडे पावसाळ्यात मैदा आधीच ओलसर असतो म्हणून मी दूध दोन चमचे हातचं राखून ठेवते आणि लागलं तरच घालते.

फुगायला वेळ किती, तर पुस्तकात दीड तास लिहितात, आमच्याकडे सप्टेंबरात पाऊण तासात भांडं भरतं. कोकणातली हवा यीस्टला फार आवडते. पूर्वी गोव्यात पाव माडाच्या सुरेवर फुगवायचे, आणि वसईकडे ईस्ट इंडियन म्हणजे तिकडचे मूळचे मराठी ख्रिस्ती लोक लग्नात आणि नाताळात 'फुगे' करतात, मैदा, अंडी, नारळाचं दूध, पूर्वी त्यात ताडी घालायचे. मी एकदा वसईला एका लग्नात बघितलं होतं, एक मावशी ओल्या मुठीतून अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिठाचा गोळा असा दाबून काढत होती आणि तो तेलात पडताच टम्म फुगून स्वतःच उलटत होता. तेव्हा कणीक आंबवून, फुगवून, गोड करून तेलात सोडणं हे आपल्या किनाऱ्याला काही नवीन नाही. घड्याळ न बघता कणकेकडे बघा, दुप्पट झाली की झाली. बोट खुपसलं आणि खळगा हळूहळू अर्धा भरून आला तर बरोबर, अजिबात भरला नाही तर जास्त झाली.

आता तो चिरण्याचा भाग, जो मला सगळ्यात आवडतो आणि जो बघून आये पहिल्यांदा "अगो अगो" करत उठली होती. ओट्यावर मैदा भुरभुरायचा, फुगलेली कणीक हातानेच चौकोनी पसरायची, बोटभर जाड. अर्ध्या भागावर गार झालेलं सफरचंद सगळं, वर एक मोठा चमचा मैदा भुरभुरून, म्हणजे राहिलेला पाक त्यात धरला जातो. दुसरा अर्धा भाग वर दुमडायचा. आणि मग मोठ्या सुरीने सरळ खाली चिरत जायचं, आधी उभं, मग आडवं, कणीक, सफरचंद सगळं एकत्र, बोटाच्या पेराएवढे तुकडे होईपर्यंत. दिसायला सगळा नासाडा वाटतो. कणकेचे तुकडे, सफरचंदाचे तुकडे, पाक, मैदा, काही धड नाही. तो ढीग हाताने गोळा करून, दाबून, लांब लोड करायचा आणि त्याचे आठ-नऊ भाग. प्रत्येक भाग पुन्हा हातात घेऊन दाबून चपटा, बोटभरच जाड, आणि मधे थोडा खोलगट. ह्या चिरण्यामुळेच त्या खाचा आणि टोकं तयार होतात, तळताना टोकं कुरकुरीत होतात, खाचांत साखर धरते आणि आत पदर सुटतात. नुसते गोळे करून तळले तर तो सफरचंदाचा डोनट होतो, फ्रिटर नाही. जे तुकडे सुटून बाहेर येतात ते आत दाबून बसवा, तेलात एकटे पडले की जळतात आणि तेल कडू करतात.

प्रत्येक फ्रिटर केळीच्या पानाच्या चौकोनी तुकड्यावर ठेवते. परसात पानं आहेत म्हणून सुचलं पण खरोखर सोपं पडतं, पानासकट उचलून तेलाजवळ न्यायचा आणि हलकेच सरकवायचा, आकार मोडत नाही. झाकून अर्धा तास. एकदा ह्याच वेळी लाईट गेली ती दोन तास आलीच नाही, पंखा बंद, स्वयंपाकघरात उकाडा, आणि बॅटरीच्या उजेडात तळणं नको म्हणून थांबले तर फ्रिटर फुगून फुगून बसले, तळल्यावर तेलकट आणि चपटे. आता लाईट गेली की सरळ ताट फ्रीजमध्ये, बंद फ्रीजही दोन तास गार राहतो.

तळण. कढई खोल, तेल तीन बोटं तरी हवं. मी सूर्यफुलाचं वापरते, खोबरेलात त्याचा वास सफरचंदावर चढतो. थर्मामीटर असेल तर 175 डिग्री. नसेल तर कणकेचा वाटाण्याएवढा तुकडा टाका, तो तळाला जाऊन दोन-तीन सेकंदांत वर यायला हवा आणि भोवती बारीक शांत बुडबुडे हवेत. टाकताच उसळून वर आला तर तेल जास्त तापलंय. आपल्याला वडे-पुऱ्यांची सवय, कडकडीत तेलात टाकायचं आणि फुगवायचं, इथे ते चालत नाही, कणकेत दूध, साखर, अंडं आहे, बाहेरून मिनिटात काळं होतं आणि आत कच्चं राहतं. मध्यम आच, एका वेळी दोनच, प्रत्येक बाजूला अडीच-तीन मिनिटं. घाई करून चार टाकले की तेल एकदम गार होतं आणि मग फ्रिटर तेल पितात. पहिला काढला की मोडून बघा, मधे तुकड्याभोवती कणीक कोरडी आणि पदरापदराची दिसली की बाकीचे निर्धास्त करा.

ज्या दिवशी तो पहिला मोडला आणि आतून वाफ आली आणि लगदा नव्हता, तेव्हा मी तो अर्धा आयेला दिला आणि अर्धा भावाला. स्वतः खायचं लक्षातच नाही राहिलं.

वरच्या साखरेचं. पारंपरिक म्हणजे पिठीसाखर आणि दूध, दीड वाटी पिठीसाखरेला दोन-तीन चमचे दूध, भज्याच्या पिठाइतपत, आणि फ्रिटर गरम असतानाच त्यात बुडवून जाळीवर निथळत ठेवायचा, म्हणजे गरमीने साखर पातळ होऊन खाचांत शिरते आणि गार झाली की पापुद्र्यासारखं कवच बनतं. जत्रेतला आपला मालवणी खाजा आठवा, बेसनाच्या कांड्यांवर गुळाचा आल्याचा पाक चढतो तो, कल्पना तीच. पण मला हे नुसतं साखर-दूध फार गोड लागलं, एक तर डेलिशियस सफरचंद आधीच गोड. फ्रीजमध्ये मे महिन्यातल्या अमृत कोकमाची बाटली होती, रातांब्याची सालं साखरेत घालून उन्हात ठेवलेलं. दुधाऐवजी ते तीन चमचे पिठीसाखरेत कालवलं, चिमूटभर मीठ घातलं. दूध आणि कोकम दोन्ही मात्र नको, फाटतं. आणि काय रंग आला, जास्वंदीच्या कळीसारखा गुलाबी, आणि चव आंबटगोड, तुपकट तळणीला बरोबर छेद देणारी. जो आंबटपणा ग्रॅनी स्मिथमध्ये असतो आणि आपल्या सफरचंदात नसतो तो आपल्याच रातांब्याने भरून काढला. भाऊ म्हणाला, टॅकोमाला हे नव्हतं. मी आता दुसरं काही लावत नाही.

एक अडचण आहे आणि ती सांगते, आमच्याकडच्या हवेत हे कवच टिकत नाही. साखर हवेतलं पाणी ओढते, सकाळी केलेले संध्याकाळपर्यंत चिकट होतात, डब्यात ठेवले तर पाझरतात. म्हणून जेवढे लगेच खायचेत तेवढ्यांनाच लावायचं, बाकीचे कोरडेच ठेवायचे. भाऊ परत निघाला तेव्हा मी सहा कोरडे फ्रिटर स्टीलच्या डब्यात कागदावर ठेवून दिले आणि कोकमाचं वेगळ्या छोट्या बाटलीत. कुडाळला गाडीत बसला आणि रत्नागिरी यायच्या आधी फोन आला, समोरच्या सीटवरच्या आजोबांनी दोन खाल्ले आणि रेसिपी विचारतायत, सांगू का. म्हटलं सांग, पाणी आटवायचं आहे हे आधी सांग.

ज्यांना यीस्टचा एवढा खटाटोप नको त्यांनी चकत्यांचेच करा, त्यालाही नाव ठेवण्यासारखं काही नाही. पेन्सिलीएवढ्या जाड चकत्या, कपड्याने अगदी कोरड्या टिपून, दोन वाट्या मैद्याला एक वाटी तांदळाचं पीठ, मीठ, थोडी साखर, गार सोडा वॉटरमध्ये भिजवून लगेच तळायचे आणि कढईजवळ उभं राहूनच खायचे. आमच्याकडे पावसात संध्याकाळी आता कांदाभज्यांबरोबर चार चकत्या याही पडतात.

तेवीसपैकी एकोणीस फ्रिटरांत गेली, दोन खराब निघाली, दोन आयेने मसाला घालून आमटीत टाकली, ते कसं लागलं ते वेगळं लिहीन कधीतरी. आये स्वतः गोड कवचाचा खात नाही. ती एक कोरडा फ्रिटर रात्रीच बाजूला काढून ठेवते, सकाळी तव्यावर तुपाचं बोट फिरवून मंद आचेवर दोन्हीकडून शेकते, वरचं कवच परत कुरकुरीत होईपर्यंत, आणि चहाबरोबर तोडून खाते. परवा खाता खाता मला हाक मारली, तुकडा पुढे केला आणि म्हणाली, "आता खरो घारगो झालो."